गाडीत झोपून नॅशव्हिल गाठताना

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेतील कंट्री, म्हणजे ग्रामीण वळणाच्या, संगीतात नाव मिळवायचे तर ओळखी लागतात, असे तुझे म्हणणे आहे. ते अगदीच खोटे नाही. पण कंट्री गायिका लोरेटा लिन हिची सुरुवात एकदा नीट पाहा.

केंटकीतील बुचर हॉलो या दुर्गम वस्तीत, कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाच्या घरी १९३२ मध्ये ती जन्मली. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती दूर वॉशिंग्टन राज्यात गेली. (त्या लग्नाचे कौतुक करू नकोस; नवऱ्याच्या दारूचा जाच तिने वर्षानुवर्षे सोसला.) त्याच नवऱ्याने आणून दिलेल्या स्वस्त गिटारवर संसार आणि मुले सांभाळत ती आपली आपण शिकली, आणि गावातल्या छोट्या कार्यक्रमांतून गाऊ लागली.

१९६० मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या झिरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने तिची पहिली तबकडी काढली. तिच्या प्रचाराला पैसा नव्हता, म्हणून नवरा-बायको गाडीतच झोपत गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर गेली आणि तबकडी वाजवावी म्हणून निवेदकांना स्वतः भेटली. ते गाणे बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात, ग्रँड ओल ऑप्री या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभी राहिली. विलबर्न बंधू या गायकांचा आधार, डेक्का या मोठ्या तबकडी कंपनीचा करार, गायिका पॅट्सी क्लाइनची मैत्री हे सारे त्यानंतरचे. ओळखी झाल्या, पण त्या होण्याआधी गाणे लोकांच्या कानांवर पडलेले होते.

तुझ्यासाठी मला याहून महत्त्वाची वाटते ती १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाण्याची गोष्ट. खाणकामगाराची लेक म्हणून आपले बालपण सांगणारे गाणे तिने लिहिले ते फार लांबले, आणि निर्माते ओवेन ब्रॅडली यांच्या सांगण्यावरून तिने त्यातली काही कडवी गाळली. स्वतःच्या बालपणाविषयीच्या ओळी कापणे किती जड गेले असेल, याचा विचार कर. ते गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

तू पाठवलेल्या गीतांत टेक्सासचे घोडे आणि धुळीचे रस्ते आहेत. तुझे घर मात्र कुठेच नाही. पुढच्या पत्रासोबत घरातल्या माणसांवरचे एक गीत पाठव. कडवी हवी तितकी लिही. कोणती गाळायची ते मग बसून ठरवू.

तुझा शुभचिंतक