पोरगं उदास गाणी ऐकतं, काळजी करू का?

"मॅडम, पोट्टं दिवसभर इअरफोन खुपसून रडके गाणे आयकते. डोक्यात भलतंसलतं येईन का?" यवतमाळकडे सोयाबीन हातचं गेलं, कापसाचा भाव पडला की आईबापांचा हा प्रश्न वाढतो. त्यामागची भीती इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

असंच एक घर. मुलगा बारावीनंतर शेतात मदत करणारा. ऐकायचा 'अमेरिकन फुटबॉल' या बँडचा १९९९चा पहिला अल्बम. "नाव खेळाचं अन् आवाज मयताचा," बाप म्हणाला.

'का ऐकतोस' असं विचारलं की पोरं सफाई देत बसतात. म्हणून मी विचारलं, "गिटार कशी वाजवलीय यात?" हो-नाहीच्या पलीकडे न जाणारा मुलगा बोलतच सुटला. गिटारीच्या सहा तारा एरवी जाडीकडून बारीककडे ई-ए-डी-जी-बी-ई या पाश्चात्त्य स्वरांत लावतात. यातल्या पहिल्या गाण्यात एफ-ए-सी-जी-सी-ई. म्हणजे सगळ्यात जाड तार आणि बी अर्धा स्वर वर, डी पूर्ण स्वर खाली. बोट न ठेवता साऱ्या तारा छेडल्या तरी एक अधांतरी सूर उमटतो, ना धड आनंदी, ना रडका. तसं लावताना त्याची जुनी तार तुटली होती. घरच्यांना वाटलं, रागानं तोडली.

पुढच्या भेटीत बापानं एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला. भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. बराच वेळ मांडीवर बोटं चालली. "दोन गिटारी हायेत. एकमेकीच्या मधात येत नाईत." मग पोराकडे वळून, "संपल्यावर कसं वाटते तुले?"

"हलकं."

तो प्रश्न बापाच्याच तोंडून यावा म्हणून मी गप्प होते. गाणं उदास आहे का, यापेक्षा ऐकणारा त्यातून कसा बाहेर येतो हे पाहावं, असं मी मानते. करुण रसानं मन मोकळं होतं, हे कीर्तनाला बसणाऱ्यांना नव्यानं सांगायला नको.

४० मिनिटांचा अल्बम ऐकून मुलगा उठला, जेवला, कामाला लागला तर ऐकू द्या. मोबाइल हिसकावू नका. एकच गाणं मध्यरात्रीपर्यंत फिरवून तोच विचार घोळवत असेल, ऐकून आणखी जड होत असेल, तर लक्ष हवं. झोप, भूक, आवडीची कामं दोन आठवडे सुटली किंवा मरणाची भाषा आली, तर गाण्यांवर खल न करता डॉक्टरकडे न्या. मरणाबद्दल थेट विचारा. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. आणि फवारणीचं औषध आजच कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ.