आधी भावाला बोनमॅरो, मग जर्मनी

भाऊ, तू विचारलंस, की नर्सिंगच्या नोकरीला जर्मनीला निघालोय, धाकट्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, नागपुरात तपासलं तर बोनमॅरो, म्हणजे रक्त बनवणारा हाडातला मगज, द्यायला माझं त्याच्याशी पूर्ण जुळलं. आता जाऊन पेशी तिकडून पाठवू, की थांबू? व्हिसाचं वकिलातीच्या साइटवर सगळं आहे. मी मूळचा आर्णी तालुक्यातला, इथे जर्मनीत स्टेमसेलच्या लॅबमध्ये आहे, म्हणून राहवलं नाही.

थांब.

पिशवीत फक्त स्टेमसेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, नसतात, टी-पेशीही असतात. त्या रोगाशी लढणाऱ्या, पण रुग्णाच्या शरीरालाच परकं समजून त्यावर तुटून पडू शकतात. इंजेक्शनं देऊन रक्तातून गोळा केलेल्या पिशवीत त्या बोनमॅरोच्या साधारण दहापट भरतात. ब्लड कॅन्सर असेल तर त्या उरलेसुरले कॅन्सरही मारतात, म्हणून डॉक्टर थोडं सोसतात. तुझ्या भावाला कॅन्सर कुठे आहे? त्याच्या वाट्याला नुसता त्रास: कातडी, आतडी, यकृत. परक्या दात्यांवरच्या 2012 च्या मोठ्या चाचणीत जुनाट जीव्हीएचडी, म्हणजे हाच दात्याच्या पेशींचा हल्ला, रक्तवाल्यांत 53 टक्के, बोनमॅरोवाल्यांत 41. पेशी न रुजण्याचं प्रमाण मात्र उलटं, 3 आणि 9 टक्के. जगण्यात फरक नव्हता. ते रुग्ण बहुतेक ब्लड कॅन्सरचे, तुझं सख्ख्याचं. तरी सिकलसेलला शक्यतो बोनमॅरोच घेतात. कमरेच्या हाडातून, भूल देऊन, साधारण दर किलोमागे 30 कोटी पेशींच्या हिशोबाने. किलो भावाचे, तुझे नव्हे. शिवाय ताजी पिशवी बरी. गोठवून वितळवताना काही पेशी मरतातच. पुढे त्याच्या जुन्या पेशी वर आल्या तर पुन्हा तूच लागशील.

कागदांचं काय सांगू बाप्पा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधे बापाचं नाव. इथल्या बाईंनी तीन माणसं समजून तीन फायली केल्या. सगळं एकसारखं करूनच निघ.

आणि लेकरं झाली तर ऐकून ठेव, इथे चौथीतच शाळा वेगळ्या होतात. माझी पोरगी गणितात पहिली, पण भाषा कच्ची म्हणून बाईंनी जिम्नॅशियमची, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस दिली नाही. काहून, तर घरी जर्मन बोलत नाही! आता ती अकरावीच्या वयाची आहे, तरी ते पत्र मी फाडलेलं नाही.

एकटेपणाचं विचारू नको. दोन हिवाळे निघाले की सवय होते.

माझ्या बहिणीलाही सिकलसेल आहे. तपासणीत माझं अर्धंच जुळलं, तेव्हा आईसमोर तोंड पाडून बसलो, पण आतून हायसं वाटलं होतं. व्हिसाची तारीख लागली होती ना. ती अजून गावातच आहे, गोळ्यांवर, थंडीत सांधे धरतात. आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या पिशव्या मोजतो. तिला हे कधी बोललो नाही, तुला सांगतोय.

नागपूरच्या डॉक्टरांना विचार: कमरेतून काढणार की रक्तातून, आणि तू स्वतः सिकलसेलचा वाहक आहेस का. वाहक असलास तरी चालतं. जॉइनिंग पुढे ढकलायचं पत्र लागलं तर मेसेज कर, जर्मनमध्ये लिहून देतो.