बागा काढायला सरकार पैसे देतं? वाचकांचे प्रश्न, जगातल्या द्राक्षांबद्दल

ओआयव्हीचे २०२४ चे आकडे आले तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच विषय चाललाय. ओआयव्ही म्हणजे द्राक्ष आणि वाईनची आंतरराष्ट्रीय संघटना, १९२४ ची, ऑफिस फ्रान्समधे दिजाँला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जगात द्राक्षाखाली आता ७१ लाख हेक्टर राहिलंय आणि ते सलग काही वर्षं कमीच होतंय, आणि वाईन बनली सुमारे २२५८ कोटी लिटर, जी गेल्या साठ वर्षांतली सगळ्यात कमी आहे. मी स्वतः द्राक्षाच्या सल्ल्याचं काम करतो, वाईन वर्षातून चार वेळा पितो, त्यामुळे उत्तरं बागेच्या बाजूने येतील, बाटलीच्या बाजूने कमी.

तासगावहून एक बागायतदार विचारतात: जगात द्राक्षाचं क्षेत्र घटतंय म्हणतात, मग आमच्या इथे दर वर्षी नवीन बागा उभ्या राहतायत त्या काय आहेत? आणि आपण वाईनमध्ये जगात कितव्या नंबरला?

दादा, घोळ इथेच आहे आणि बातमी देणाऱ्यांनीही तोच घातलाय. ओआयव्ही जे क्षेत्र मोजते त्यात द्राक्ष म्हणून जे काही उभं आहे ते सगळं येतं, वाईनचं, खायचं, बेदाण्याचं, अगदी अजून फळ न लागलेली पहिल्या वर्षाची बागही. त्यामुळे तुमची थॉमसन, सोनाका, माणिक चमन सगळी त्या ७१ लाखांत बसलेली आहेत. भारत त्या यादीत पावणेदोन लाख हेक्टरच्या वर आहे, म्हणजे पहिल्या दहा-बारा देशांत, आणि जे थोडे देश वाढतायत त्यातला एक. पण आपल्याकडच्या शंभर किलो द्राक्षातली वाईनला जाते एक-दोन किलो. बाकी सगळं खातो, नाहीतर शेडवर टाकून बेदाणा करतो. वाईनच्या यादीत आपला नंबर शोधायला पान उलटावं लागेल.

चीनचं बघा म्हणजे अजून नीट कळेल. क्षेत्रात जगात तिसरा, साडेसात लाख हेक्टर, इटलीच्याही पुढे. आणि वाईन किती? २०२४ ला साधारण २६ कोटी लिटर, इटलीची ४४१ कोटी. चीनची द्राक्षं बहुतेक खायला जातात, शिंजियांगकडे बेदाणा होतो, आणि वाईनचा भाग निंगशियासारखा जिथे आहे तिथे थंडी इतकी की दर वर्षी हिवाळ्याआधी वेल तारेवरून सोडून आडवे करून मातीत पुरतात आणि वसंतात परत उकरून काढतात. मजुरीचा हिशोब तुम्हीच करा. दहा-बारा वर्षांपूर्वी ते १०० कोटी लिटरच्या पुढे वाईन करत होते, तिथून एवढे खाली आले, आणि बागा मात्र जवळजवळ तेवढ्याच आहेत. म्हणून कोणी नुसतं क्षेत्र सांगून वाईनबद्दल काही बोलायला लागला की मी पहिलं विचारतो, कुठली द्राक्षं?

अजून एक गंमत, ओआयव्हीनेच २०१७ मध्ये जातवार यादी काढली होती, त्यात जगात सगळ्यात जास्त क्षेत्र वाईनच्या प्रसिद्ध कॅबरने जातीचं नव्हतं, क्योहोचं होतं. क्योहो म्हणजे काळं, जाड मण्याचं खायचं द्राक्ष, मुख्यतः चीनमधे.

पुण्याहून एक विद्यार्थिनी: क्षेत्रात स्पेन पहिला पण वाईन सगळ्यात जास्त इटलीत, हे कसं? आणि हेक्टोलिटर म्हणजे नक्की किती?

आधी सोपं. हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर, त्यांचे दहा लाख हेक्टोलिटर म्हणजे आपले १० कोटी लिटर. बस, बाकी गुणाकार.

आता स्पेन. ९ लाख ३० हजार हेक्टर आणि वाईन ३१० कोटी लिटर. इटली ७ लाख २८ हजार हेक्टर आणि ४४१ कोटी. भागाकार केला तर स्पेनला हेक्टरी साधारण ३३०० लिटर आणि इटलीला ६०००, जवळपास दुप्पट. (दोन्हीकडे थोडी खायची द्राक्षं धरलेली आहेत, तेवढा फरक सोडून द्या.)

कारण बघायचं तर ला मांचाला जायला हवं, माद्रिदच्या खाली, सपाट पठार, पाऊस आपल्या दुष्काळी पट्ट्याइतकाच. तिथली जुनी बाग बघून आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की ही बाग सोडून दिलीय. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तार नाही, ड्रिपची नळी नाही. गुडघ्याएवढं खोड, त्यावर मुठीसारख्या चार-पाच गाठी आणि त्यातून फुटवा जमिनीकडे पसरलेला, घड पानांच्या सावलीत लपलेले. दोन झाडांत अडीच मीटर, दोन ओळींतही अडीच मीटर, म्हणजे एकरात जेमतेम साडेसहाशे झाडं. पाणीच नाही तर प्रत्येक झाडाला मुळं पसरायला जागा द्या, एवढं साधं गणित. आणि हे नुसतं परंपरेने नाही, १९९६ पर्यंत स्पेनमधे वाईनच्या बागेला पाणी द्यायला कायद्यानेच बंदी होती! आता ड्रिप आलंय, तारेवरच्या बागाही आल्यात, त्यामुळे जुन्या कोरडवाहू बागा काढून कमी जागेत तेवढंच उत्पादन काढता येतं आणि क्षेत्र घटतं. म्हणजे घटलेलं प्रत्येक हेक्टर रडण्यासारखं असतं असं नाही.

निफाडहून: फ्रान्समधे सरकार म्हणे बाग तोडायला पैसे देतं. आमच्याकडे गारपिटीचे पंचनामे व्हायला महिना जातो, हे खरंच असं आहे का?

खरं आहे. बोर्डो भागात २०२३ ला योजना आली, हेक्टरी ६००० युरो, आणि साडेनऊ हजार हेक्टरच्या आसपास बागा काढायचं ठरलं. मग २०२४ ला अख्ख्या फ्रान्ससाठी, १२ कोटी युरो बाजूला काढले, हेक्टरी ४०००, आणि सुमारे २७ हजार हेक्टरचे अर्ज आले. त्याआधी २०२३ मधेच शिल्लक वाईन उकळून तिचं अल्कोहोल करायला २० कोटी युरोपर्यंत पैसे जाहीर झाले होते. ते अल्कोहोल सॅनिटायझरमधे, परफ्युममधे जातं. चांगली वर्षभर राखलेली वाईन आणि शेवटी हाताला चोळायची.

पण ४०००-६००० युरो ऐकून हुरळू नका. त्यात ट्रॅक्टरने खोडं उपटायची, तारा-खांब गोळा करायचे, ढीग करून जाळायचे हे सगळं आलं, आणि बदल्यात त्या जमिनीवरचा द्राक्ष लावायचा हक्क जातो. तिकडे मनात आलं म्हणून बाग लावता येत नाही, परवाना लागतो. तर हा पैसा म्हणजे भरपाई कमी आणि परवाना विकत घेणं जास्त.

मग पडीक का नाही ठेवत, असंही तुम्ही पुढे विचारलंय. कारण शेजारी. सोडून दिलेल्या बागेत एक तुडतुडा वाढतो जो फ्लाव्हेसन्स डोरे नावाचा रोग पसरवतो, पानं पिवळी पडतात, घड सुकतात, औषध नाही, झाड उपटायचंच. बोर्डोची योजना मंजूर करताना अधिकृत कारण हेच दिलं होतं, रोगनियंत्रण. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं की वाईन खपत नाही. साठच्या दशकात फ्रान्समधे माणशी वर्षाला १०० लिटरच्या वर वाईन प्यायचे, दुपारच्या जेवणात पाण्यासारखी, आता त्याच्या निम्मीही पीत नाहीत. आजोबा रोज पाव लिटर लाल घ्यायचे, नातू शनिवारी बिअर घेतो नाहीतर काहीच घेत नाही. माझं स्पष्ट मत आहे की बातम्यांत हवामान पुढे करतात कारण ते सांगायला सोपं आहे, पण बागा काढायला लावणारं मुख्य कारण हा नातू आहे. २०२४ ला जगात प्यायली गेलेली वाईन सुमारे २१४२ कोटी लिटर, ती पण १९६१ नंतरची सगळ्यात कमी.

आणि हे काही आजचं नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जगात द्राक्ष एक कोटी हेक्टरच्या वर होतं. तिथून ७१ लाख. मधे युरोपने पैसे देऊन बागा काढायला लावल्या, आणि सोव्हिएत युनियनमधे १९८५ ला गोर्बाचेव्हने दारूविरोधी मोहीम काढली त्यात मोल्दोव्हा, जॉर्जिया, क्रिमियातल्या बागा साफ झाल्या.

मुंबईहून: पण हवामानाचा काहीच संबंध नाही असं कसं? इंग्लंडमधे आता वाईन होते म्हणतात.

काहीच संबंध नाही असं म्हटलंच नाहीये. क्षेत्राला कमी, पण त्या त्या वर्षीच्या उत्पादनाला भरपूर. २०२३ ला इटलीत वसंतात पाऊस थांबेना, डाऊनी (केवडा, पावसात येणारा बुरशीचा रोग) अशी आली की उत्पादन जवळपास पाव हिश्श्याने घटलं, आणि फ्रान्स पहिला आला. २०२४ ला फ्रान्सची पाळी, दहिवर, गारा, फुलोऱ्यात पाऊस आणि परत डाऊनी, उत्पादन ३६१ कोटी लिटरवर, आणि इटली परत पहिला. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट निघताना, पाऊस लागला की काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. आणि आपण डाऊनीवर मोरचूद-चुन्याचं जे बोर्डो मारतो ते नाव त्याच गावाचं आहे, १८८० च्या दशकात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने तिथल्याच बागांत ते शोधलं. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं लोक चोरून खातात म्हणून शेतकरी त्यावर निळं-हिरवं काहीतरी फासायचे आणि नेमक्या त्याच वेली रोगातून वाचलेल्या दिसल्या.

तापमानाचा पुरावा हवा असेल तर बोन नावाच्या बर्गंडीतल्या गावाचा बघा. तिथे १३५४ पासूनच्या तोडणीच्या तारखा मिळतात, साडेसहाशे वर्षांच्या! १९८८ च्या आधी तोडणी सरासरी सप्टेंबरच्या शेवटी, आणि त्यानंतर सरासरी १३ दिवस आधी.

इंग्लंडचं कौतुक खरं आहे, दक्षिणेला चुनखडीची जमीन शांपेनसारखीच, आणि तेतँजे या शांपेनवाल्यांनी केंटमधे जमीन घेऊन बाग लावलीय. पण २०२३ ला एकूण सगळं मिळून ४ हजार हेक्टरच्या थोडं वर. फ्रान्सने एका वर्षात जेवढं काढायला पैसे ठेवले त्याचा सातवा हिस्सा.

अॅडलेडहून एक मराठी वाचक: इथे रिव्हरलँड या द्राक्षाच्या पट्ट्यात लोक द्राक्षं झाडावरच सोडून देतायत. भारतात एवढा ड्युटीचा करार झालाय तर ही वाईन तिकडे का येत नाही?

कारण भारत चीनची जागा घेऊ शकत नाही, निदान या दशकात तरी. तुमच्याकडची लाल वाईन चीनकडे जायची, वर्षाला अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, त्या हिशोबाने बागा लावल्या, आणि २०२०-२१ ला भांडणातून चीनने २१८ टक्क्यांपर्यंत ड्युटी लावली. २०२४ च्या मार्चमधे काढली, पण तोवर चीनमधेच लोक वाईन कमी प्यायला लागले होते. रिव्हरलँडच्या लाल द्राक्षाला टनाला दीडशे-दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाल्याचं तुम्ही ऐकलंच असेल, म्हणजे किलोला आठ ते अकरा रुपये. तोडणीसुद्धा निघत नाही.

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात डिसेंबर २०२२ पासून ५ अमेरिकन डॉलरवरच्या बाटलीची ड्युटी १५० वरून १०० टक्के आणि १५ डॉलरवरची ७५ टक्के झाली, पुढे अजून उतरेल. पण रिव्हरलँडची वाईन टँकरच्या भावात विकली जाणारी, ती ५ डॉलरच्या खालीच बसते, तिला काही सवलत नाही. वर प्रत्येक राज्याची वेगळी एक्साईज.

दिंडोरीहून: दोन एकर थॉमसन काढून शिराझ हे वाईनचं द्राक्ष लावायचा विचार आहे. वाईनरीवाले कराराचं बोलतायत. लावू का?

जगाचं चित्र वर लिहिलंय, पण तुमचा प्रश्न जगाचा नाही, तुमच्यापासून वीस किलोमीटरवरच्या एका वाईनरीचा आहे. वाईनच्या द्राक्षाला खर्च कमी हे खरं, मणी फुगवायला जीएत (एक संजीवक) घड बुडवायचे नाहीत, थिनिंगची म्हणजे मणी विरळ करायची मजुरी नाही, मण्याची साईज कोणी बघत नाही. उत्पादन मात्र कमी, आणि थॉमसन १८ ब्रिक्सच्या (साखर मोजायचं माप) आसपास गोडी आली की तोडता ते इथे २२-२३ पर्यंत थांबायचं, म्हणजे अवकाळीच्या तोंडात अजून काही दिवस.

पण खरी अडचण वेगळी आहे. थॉमसनचा एक्सपोर्ट फसला तर लोकल मार्केट आहे, लोकल पडलं तर बेदाणा आहे. शिराझचा मणी बारीक आणि बियांचा, तो ना नाशिकच्या मार्केटला चालतो ना तासगावच्या बेदाणा सौद्यात. एकच गिऱ्हाईक. २००१ ला राज्याचं वाईन धोरण आलं तेव्हा आपल्याकडे असंच सगळ्यांनी लावलं, २००८-०९ ला मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं रिकामी पडली, आणि वाईनरीच्या टाक्यांत जुनाच माल शिल्लक.

त्यामुळे एकच वर्षाचा भाव लिहिलेला करार असेल तर लावू नका, निदान पाच-सात वर्षांचा किमान भाव हवा. गोडी कोण मोजणार आणि कुठे, बागेत की त्यांच्या गेटवर, हे लिहून घ्या, आणि तोडणीची तारीख ठरल्यावर गाडी किती दिवसांत यायची आणि नाही आली तर काय, हे तर नक्कीच. आमच्या पाहुण्यांकडे २००९ ला माल तयार होता, एका वाईनरीशी करारही होता, गाडी आली नाही, फोन केला तर टाक्या फुल आहेत आठवडाभर थांबा, मग अजून आठवडा, मग फोन उचलायचंच बंद. घड वेलीवरच सुकले, पाखरांनी खाल्ले. ऑगस्टमधे त्यांनी सगळी बाग खाली छाटून त्याच खुंटांवर परत थॉमसनची कलमं बांधली.