वाचकांचे प्रश्न : ‘ॲटनबरो’ हे आडनाव आले कोठून?

प्रश्न : ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो आणि निसर्गावरील माहितीपटांमुळे जगभर परिचित झालेले त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड ॲटनबरो या दोघांखेरीज हे आडनाव माझ्या वाचनात कधी आलेले नाही. इंग्लंडमध्येही ते इतके विरळ आहे का? त्याचे मूळ काय, आणि आज हे आडनाव लावणारी सर्व माणसे एकाच घराण्यातील समजावीत का? – एक वाचक

उत्तर : हे आडनाव इंग्लंडमध्येही विरळच आहे. त्याचे मूळ एका गावात आहे आणि ते गाव आजही नांदते आहे. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचे छोटे गाव आहे. इंग्लंडच्या यादवी युद्धात क्रॉमवेलचा सेनापती आणि पुढे जावई झालेला हेन्री आयर्टन १६११ मध्ये याच गावी जन्मला. गावाशेजारी वाळू आणि खडी काढून झालेल्या खाणींमध्ये पाणी साचून तळी तयार झाली, त्यांचे पुढे निसर्ग-राखीव क्षेत्र करण्यात आले आणि १९६६ मध्ये त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांच्याच हस्ते झाले. नावसाधर्म्यामुळे त्यांना बोलावले असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु हा संबंध केवळ नावापुरता नाही. त्यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो यांचा जन्म १८८७ मध्ये स्टेपलफर्ड येथे झाला, आणि ते ठिकाण या गावापासून जेमतेम तीन-चार मैलांवर आहे. आडनाव देणारे गाव आणि आडनाव लावणारे कुटुंब सहा-सातशे वर्षांनंतरही एकमेकांच्या इतके जवळ असावे, ही आडनावांच्या अभ्यासात फार मोलाची खूण मानली जाते.

गावाचे नाव बाराव्या शतकातील कागदपत्रांत ‘आडिनबुर्खा’ अशा वळणाने आढळते. स्थलनामांचे अभ्यासक त्याची फोड अशी करतात : ‘आडा’ किंवा त्यासारखे नाव असलेला कोणी प्राचीन इंग्रज पुरुष, संबंध दाखवणारा ‘इंग’ हा प्रत्यय आणि ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदी केलेली जागा. थोडक्यात, आडाची गढी. येथे ‘बुर्ह’ म्हणजे आजच्या अर्थाने नगर नव्हे. दक्षिण इंग्लंडमधील वेसेक्स या जुन्या राज्याचा राजा इने याने सातव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कायद्यात दुसऱ्याच्या बुर्हमध्ये बळजबरीने शिरणाऱ्याला दंड सांगितला आहे. बुर्ह राजाचा किंवा बिशपचा असेल तर दंड १२० शिलिंग, आणि मालकाचा दर्जा जसजसा उतरेल तसतसा दंडही उतरत जातो. म्हणजे प्रतिष्ठित माणसाचे कुंपण घातलेले, संरक्षित राहते घर हा त्या शब्दाचा त्या काळचा अर्थ. विशेष म्हणजे इंग्लंडच्या प्रारंभीच्या राजांचे हे कायदे संपादित करून आधुनिक इंग्रजीत आणणारे पुस्तक १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचे कर्ते हेच फ्रेडरिक ॲटनबरो होते. ज्या शब्दावर आपले आडनाव उभे आहे, त्या शब्दाचा जुना कायदेशीर अर्थ सांगणारे कायदे त्यांनीच आधुनिक इंग्रजीत आणावेत, हा योगायोग मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या आडनावाची आणखी एक व्युत्पत्ती सुचवली जाते, आणि तिचाही विचार करायला हवा. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ म्हणजे ‘अमुक ठिकाणी असलेला’. त्यावरून झाडापाशी, विहिरीपाशी किंवा टेकडीपाशी राहणाऱ्यांना नावे पडत. ‘नॅश’ हे आडनाव ‘ॲटन ॲश’ म्हणजे ॲश वृक्षापाशी राहणारा यातून आले, तर ‘नोक्स’ हे ओक वृक्षांपाशी राहणाऱ्यावरून. मग ‘ॲटन बरो’ म्हणजे बरोपाशी (‘बरो’ हे ‘बुर्ह’चेच पुढचे रूप) राहणारा, असे का मानू नये? या तर्काला पहिली अडचण व्याकरणाची आहे. ‘बुर्ह’ हा शब्द जुन्या इंग्रजीत स्त्रीलिंगी होता आणि स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘ॲटन’ न येता ‘ॲटर’ येत असे. त्या नियमाने तयार झालेले आडनावही प्रत्यक्ष अस्तित्वात आहे, ते म्हणजे ‘ॲटरबरी’. अर्थात हा नियम पुढे सैल झाला. ओक हा शब्दही मुळात स्त्रीलिंगी असताना ‘नोक्स’ तयार झालेच, त्यामुळे केवळ व्याकरणाच्या आधारावर निकाल देता येत नाही. मला निर्णायक वाटतो तो भूगोल. हे आडनाव परंपरेने जेथे दाटीने आढळते तो प्रदेश नॉटिंगहॅमशर आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशरचा आहे, म्हणजे नेमका त्या गावाच्या आसपासचा. ‘बरोपाशी राहणारा’ हे नाव देशात कोठेही पडू शकले असते आणि मग ते विखुरलेले दिसले असते.

गावावरून पडलेल्या आडनावाबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ते नाव गावातच राहणाऱ्याला सहसा पडत नाही, कारण तेथे सगळेच त्या गावचे असतात. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला नवे शेजारी त्याच्या गावावरून ओळखू लागतात. आपल्याकडील ‘कर’ लावलेल्या आडनावांचेही पुष्कळदा असेच झाले आहे. इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर प्रथम जमीनदार घराण्यांनी आणि नंतर सामान्यांनी पिढीजात आडनावे स्वीकारली. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत देशाच्या बऱ्याच भागात ती रूढ झाली, उत्तरेकडे मात्र आणखी काही काळ लागला. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्या त्यामुळेच आडनावांच्या अभ्यासकांना प्रिय आहेत. त्यापूर्वीच, १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या नाहीशी झाली होती. ज्या आडनावाची दोन-चारच घरे होती, त्याचे अस्तित्व त्या काळात एका घराच्या दैवावर अवलंबून होते.

आता संख्येकडे वळू. सर्वांत मोठे इंग्रजी आडनाव ‘स्मिथ’. १८८१ च्या जनगणनेत ग्रेट ब्रिटनमध्ये ते लावणारे चार लाखांहून अधिक होते आणि आज ती संख्या पाच लाखांच्या पुढे आहे. याउलट ‘ॲटनबरो’ आडनावाची माणसे संपूर्ण ब्रिटनमध्ये फार तर एक-दोन हजार भरतील. ‘ॲटनबरो’ची ‘ॲटनबरा’सारखी उच्चारातील रूपे आणि ‘ॲटनब्रो’सारखे लेखनातील फरक जमेस धरले तरी चित्र फारसे बदलत नाही. लोहाराचा धंदा गावोगावी होता, म्हणून ‘स्मिथ’ हे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले. ॲटनबरो नावाचे गाव मात्र एकच होते, आणि तेही लहान. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये या आडनावाच्या गहाणवटीच्या पेढ्या इतक्या नावाजलेल्या होत्या की ते नाव राजधानीत सर्वांच्या तोंडी होते. परंतु नाव गाजणे वेगळे आणि नावाची माणसे पुष्कळ असणे वेगळे.

सर्व ॲटनबरो एकाच घराण्यातील का, या आपल्या तिसऱ्या प्रश्नाला सुदैवाने प्रयोगशाळेतून उत्तर मिळालेले आहे. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाते, आणि पुरुषाच्या पेशीतील वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जाते. त्यामुळे एकाच आडनावाच्या, परस्परांशी नाते ठाऊक नसलेल्या पुरुषांची वाय गुणसूत्रे ताडून पाहिली तर त्यांचा पूर्वज एक होता का, हे कळू शकते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची अशी तपासणी करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘स्मिथ’ आडनावाचे दोन पुरुष हे रस्त्यात भेटलेल्या कोणत्याही दोन पुरुषांइतकेच परस्परांना परके निघाले. ‘ॲटनबरो’ आणि ‘स्विंडलहर्स्ट’ यांसारख्या विरळ आडनावांत मात्र ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचे वाय गुणसूत्र एकच किंवा जवळजवळ एकसारखे होते. उरलेल्यांचे काय, तर दत्तकविधान, विवाहबाह्य संतती, आईचे आडनाव लावलेली मुले, वारसा मिळावा म्हणून सासरचे नाव घेतलेले जावई अशी अनेक कारणे सहाशे वर्षांत संभवतात. या अभ्यासाने एक लोकप्रिय समजही मोडीत काढला. नोंदलेला पिता खरा पिता नसण्याचे प्रमाण दहात एक असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. आडनावांच्या पुराव्यावरून पाहता ते प्रत्येक पिढीत पंचविसात एकाहूनही कमी असावे.

तेव्हा बहुसंख्य ॲटनबरो पुरुषवंशाने एकाच पूर्वजाचे वारस आहेत, असे म्हणायला हरकत नाही. तरीही आज एकच वंश दिसतो म्हणून आरंभीही एकच पुरुष होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्या गावाहून निघालेल्या तीन-चार निरनिराळ्या माणसांना हे नाव पडले असेल आणि त्यांपैकी एकाचाच वंश आजवर टिकला असेल, हीदेखील शक्यता तितकीच खरी आहे, आणि किंग व जॉबलिंग यांनी ती विचारात घेतली आहे. हे संशोधन ज्या लेस्टर विद्यापीठात झाले, ती संस्था युनिव्हर्सिटी कॉलेज असताना १९३२ ते १९५१ या काळात तिचे प्राचार्य फ्रेडरिक ॲटनबरो होते आणि रिचर्ड व डेव्हिड त्याच आवारात लहानाचे मोठे झाले.

प्रश्न : विरळ इंग्रजी आडनावे नामशेष होत चालली आहेत, असे इंटरनेटवर वाचनात येते. ‘वीसहून कमी माणसे उरलेली आडनावे’ अशा याद्याही दिसतात. त्यांवर कितपत विश्वास ठेवावा? – एक वाचक

उत्तर : आडनावे नामशेष होतात, हे खरे. व्हिक्टोरियन काळात फ्रान्सिस गॉल्टन यांना हाच प्रश्न पडला होता, आणि हेन्री वॉटसन यांच्या साहाय्याने त्यांनी १८७४ मध्ये त्याचे गणित मांडले. प्रत्येक पिढीत काही पुरुषांना मुलगेच होत नाहीत, काहींना एक, काहींना तीन होतात. एवढ्या साध्या कारणाने लहान आडनावे खंडित होत जातात, त्यासाठी युद्ध किंवा साथ यावी लागत नाही. वॉटसन यांचा निष्कर्ष तर असा होता की अखेरीस प्रत्येक आडनाव लोप पावणारच. तो चुकीचा होता. सरासरीने प्रत्येक पुरुषाला एकाहून अधिक मुलगे होत असतील तर काही वंश कायम टिकण्याची शक्यता उरते. हे गणित पुढे अणुभट्टीतील साखळी प्रक्रियेच्या अभ्यासालाही उपयोगी पडले.

इंटरनेटवरील याद्यांविषयी मात्र मी सावधगिरीचा सल्ला देईन. जुन्या जनगणनेचे कागद हाताने लिहिलेले आहेत आणि ते वाचून संगणकात भरताना अक्षरे चुकतात. त्यातून प्रत्यक्षात कोणीही कधी न लावलेली आडनावे जन्माला येतात, आणि अशी आडनावे नंतरच्या नोंदींत सापडली नाहीत की ती ‘नामशेष’ म्हणून यादीत जातात. दुसरीकडे, लेखन बदलल्यामुळे जिवंत आडनावही हरवल्यासारखे दिसते. ब्रिस्टल येथील वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठात सिद्ध झालेला आणि २०१६ मध्ये ऑक्सफर्डने चार खंडांत प्रसिद्ध केलेला ब्रिटन व आयर्लंडमधील आडनावांचा कोश या बाबतीत काटेकोर आहे. आज शंभराहून अधिक माणसे लावतात किंवा १८८१ मध्ये वीसहून अधिक लावत होती, अशी सुमारे ४६,००० आडनावे त्याने घेतली असून प्रत्येकासाठी जुन्या नोंदींचे दाखले दिले आहेत. एखादे आडनाव खरोखर होते का, हे तपासायचे असेल तर प्रथम हा कोश पाहावा.

प्रश्न : आजची अचूक संख्या कोणाला काढायची असेल तर ती कशी काढतात? – तेच वाचक

उत्तर : जनगणनेतून ती थेट काढता येत नाही, कारण जनगणनेतील व्यक्तींची नावे शंभर वर्षे गोपनीय ठेवली जातात. इंग्लंड आणि वेल्सची १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची कागदपत्रे १९४२ च्या आगीत जळून गेली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. म्हणून पुढची खुली होणारी जनगणना १९५१ ची असेल आणि ती पाहण्यास २०५२ उजाडावे लागेल. तोपर्यंत अभ्यासक मतदारयाद्या आणि १८३७ पासून सुरू झालेल्या जन्म, विवाह व मृत्यूंच्या सरकारी नोंदी यांचा मेळ घालतात. मतदारयादीत मुले नसतात, त्यामुळे तिच्यावरून काढलेला आकडा लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवून घ्यावा लागतो. ‘स्मिथ’सारख्या मोठ्या आडनावात या हिशेबाने फारसे बिघडत नाही, परंतु ‘ॲटनबरो’सारख्या लहान आडनावात दहा-वीस घरांची चूकही लक्षणीय ठरते, म्हणून अशा आडनावांसाठी जन्मनोंदी स्वतंत्रपणे मोजून पाहणेच योग्य.