निकाल सरकारने पाळलाच नाही तर?

प्रश्न : न्यायालयाच्या हाती ना फौज, ना तिजोरी. मग सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारवर बंधनकारक कसा?

उत्तर : वकिली करताना पक्षकार मला हेच विचारत, आणि ती शंका मला कधीच पोरकट वाटली नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १४४ देशातल्या सगळ्या मुलकी अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करायला सांगतो. त्यामुळे ‘मंत्रीसाहेब नको म्हणाले’ ही सबब जिल्हाधिकाऱ्यालाही चालत नाही. तरीही कुणी जुमानलं नाही, तर अनुच्छेद १२९ खाली अवमानाची शिक्षा आहे. २००६ साली महाराष्ट्रातल्या एका विद्यमान मंत्र्याला आणि वनखात्याच्या प्रधान सचिवाला प्रत्येकी एक महिन्याची कैद झाली. न्यायालयाची मनाई असताना सॉ मिल चालू द्यायला त्यांनी परवानगी दिली होती. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. शिक्षा ‘शासन’ नावाच्या बिनचेहऱ्याच्या यंत्रणेला नाही, निर्णय घेणाऱ्या माणसांना झाली!

सरकारचे हात अगदीच बांधलेले नसतात. पुनर्विचार याचिका करता येते. निकाल ज्या कायद्यावर उभा आहे, तो कायदा विधिमंडळ घटनेच्या चौकटीत बदलू शकतं. मात्र कायदा तसाच ठेवून ‘हा निकाल आम्हाला लागू नाही’ एवढंच जाहीर करता येत नाही. आणि फाइल जाणूनबुजून दाबून ठेवणं हाही अवमानच. तुमच्या बाबतीत तसं घडत असेल तर अवमान याचिका वर्षाच्या आत दाखल करा. नंतर ती मुदतीत अडकते.