मुलीला जुनी लढाऊ विमानं जपायची आहेत

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावी सायन्सला, घर पिंपळगाव बसवंतला, ओझरहून उडणाऱ्या सुखोईंचा आवाज ऐकत ती मोठी झाली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो कार्यक्रम तिनं मोबाईलवर पाहिला आणि रात्री जेवताना म्हणाली, ‘आता या विमानांचं काय होणार? मला ती जपायचं काम करायचंय.’ त्यावर तिचे काका म्हणाले, ‘भंगार गोळा करायला बारावीला नव्वद टक्के कशाला लागतात?’ तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही. असं काम खरंच असतं का, त्यावर पोट भरतं का आणि आता प्रवेश कुठे घ्यायचा, हे तुम्ही विचारलंय.

आधी पोटाचं बोलू. ‘जुन्या विमानांसाठी संवर्धक पाहिजे’ अशी जाहिरात आपल्याकडे सहसा निघत नाही. हवाई दलाचं दिल्लीतलं पालमचं संग्रहालय, नौदलाचं गोव्यातलं, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं बंगळूरचं, अशा मोजक्याच मोठ्या जागा आहेत. म्हणून नुसत्या या एका स्वप्नावर तिला सोडू नका. तिच्या हातात आधी असा एक हुन्नर यायला हवा, जो एरवीही तिला पोसेल. मग त्याच हुन्नराच्या बळावर ती जुन्या विमानांकडे वळेल.

काकांवर मात्र तिनं रागावू नये. त्यांनी नकळत खऱ्या दुखण्यावरच बोट ठेवलंय. निवृत्त विमान म्हणजे कित्येक टन ॲल्युमिनियम, आणि त्याला किलोचा भाव आहे. कोणी वेळेवर ‘थांबा’ म्हटलं नाही तर ते वितळतं. लिबरेटर बॉम्बर विमानांची गोष्ट त्यांना सांगा. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही अमेरिकी बनावटीची विमानं कानपूरला सोडली, आणि ती पुन्हा उडू नयेत म्हणून मोडून ठेवली. यंत्रं फोडली, इंजिनांत वाळू ओतली. आपल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून चाळीसच्या वर विमानं पुन्हा उडती केली आणि हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. आज जगात जी थोडी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यांतली बरीच भारतातून गेलेली आहेत. अमेरिकेत ॲरिझोनात, ब्रिटनमध्ये, कॅनडात ती उभी आहेत, आणि एक आपल्या पालमला. ज्याला ब्रिटिशांनी भंगार ठरवलं होतं, ते आपल्या फिटरांच्या हातांनी जगासाठी राहिलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबलचक उत्तर लिहितोय, ती सांगतो. बहुतेक मुलांना वाटतं की विमान जपायचं म्हणजे घासूनपुसून, नवा रंग देऊन चकचकीत करायचं. गेल्या पावसाळ्यात एका गावी चौथऱ्यावर ठेवलेलं लढाऊ विमान मी जवळून पाहिलं. लांबून झकास दिसत होतं. खाली जाऊन उभा राहिलो तर पंखाच्या पोटाला रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळीनं रंगाचे फुगे आलेले. एक फुगा फुटला होता, त्यातून पांढरी भुकटी सांडत होती, रांगोळीसारखी. ते सडलेलं ॲल्युमिनियम. पाणी निघून जायची भोकं रंगानं बुजलेली, त्यामुळे पाऊस आतच साठत होता. शेपटीवरचा जुना क्रमांक रंगाखाली गेला होता. कोणीतरी मनापासून, आदरानंच ते रंगवलं असणार. पण ते विमान कोणत्या स्क्वाड्रनचं होतं, त्याला कुठे ठिगळ मारलं होतं, कोणत्या मेकॅनिकनं झाकणाच्या आत खडूनं काय लिहिलं होतं, ते सगळं गेलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. या कामातला पहिला प्रश्न हाच असतो: हात कशाला लावायचा नाही? लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये हॅलिफॅक्स जातीचं एक बॉम्बर आहे. १९४२ मध्ये ते नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यावर उतरलं आणि तळाशी गेलं. १९७३ मध्ये वर काढलं. ते त्यांनी मोडक्या अवस्थेतच ठेवलंय, नवं केलेलं नाही.

तुमच्या लेकीला रसायनशास्त्र आवडतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून डॉर्नियरची गोष्ट खास तिच्यासाठी. १९४० मध्ये पाडलेलं एक जर्मन डॉर्नियर-१७ इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळ समुद्रात उलटं पडलं होतं. या जातीचं जवळजवळ अखंड उरलेलं ते एकमेव. जून २०१३ मध्ये ते वर काढलं, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. विमानाचं ॲल्युमिनियम शुद्ध नसतं. मजबुतीसाठी त्यात तांबं मिसळलेलं असतं आणि त्या तांब्यामुळेच ते गंजायला सोपं होतं. सत्तर वर्षं खाऱ्या पाण्यात राहिल्यावर मिठातलं क्लोराइड धातूच्या बारीक खड्ड्यांत शिरून बसतं. पाण्याखाली हवा कमी, तोवर गंज सावकाश चालतो. बाहेर काढून नुसतं वाळवलं तर काही दिवसांत पत्रा पापडासारखा सुटायला लागतो. म्हणून इंग्लंडमधल्या कॉसफर्डच्या संग्रहालयात त्याच्यासाठी प्लॅस्टिकचे बोगदे उभारले, आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या पॉलिहाऊससारखे, आणि आत फवारे लावून सायट्रिक आम्लाचं सौम्य द्रावण सतत शिंपडत ठेवलं. लिंबात असतं तेच आम्ल. त्यानं मीठ आणि समुद्रातली पुटं सुटत गेली आणि मूळ पत्रा, काही ठिकाणी मूळ रंगसुद्धा, राहिला. हे काम काही वर्षं चाललं. एवढा धीर तिच्यात आहे का, हे तुम्ही आई म्हणून माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल.

धीर सुटला की काय होतं तेही तिला कळू दे. ‘की बर्ड’ नावाचं बी-२९ जातीचं अमेरिकी बॉम्बर विमान १९४७ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर उतरलं आणि तिथेच राहिलं. जवळजवळ पन्नास वर्षं ते शाबूत होतं. १९९५ मध्ये एका चमूनं त्याची इंजिनं बदलली, ते उडवून न्यायला निघाले, आणि बर्फावरून धावतानाच आतल्या वीज पुरवणाऱ्या पूरक यंत्राच्या इंधनामुळे आग लागली. विमान जळून गेलं. त्या मोहिमेतला एक मेकॅनिक त्याआधीच आजारी पडून वारला होता.

अवशेषांबद्दल एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐका. डोंगरात किंवा पाण्यात सापडलेलं लष्करी विमान अनेकदा कुणाची तरी समाधी असते. ७ फेब्रुवारी १९६८ ला आपल्या हवाई दलाचं एएन-१२ हे वाहतुकीचं विमान चंदीगडहून लेहला निघालं आणि १०२ जणांसह हिमाचलच्या बर्फात हरवलं. २००३ मध्ये त्याचे अवशेष सापडले आणि २०२४ मध्ये आणखी चौघांचे देह खाली आणले. छप्पन्न वर्षांनी घरी आलेली माणसं ती. अशा जागेवरून स्क्रूसुद्धा आठवण म्हणून उचलायचा नसतो. ब्रिटनमध्ये १९८६ पासून कायदाच आहे, परवान्याशिवाय लष्करी विमानाचे अवशेष उकरता येत नाहीत.

आता वाट. मला दोन दिसतात.

पहिली धातूच्या हाताची. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असल्यानं ती एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगला जाऊ शकते. फी भरण्याआधी ती संस्था डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे स्वतः त्यांच्या संकेतस्थळावर बघा. एजंटाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. परवाना हातात आला की नागपूरच्या मिहानमधल्या विमान दुरुस्ती केंद्रापासून कुठल्याही विमानतळावर काम शोधता येतं. घरची परिस्थिती ओढग्रस्तीची असेल तर आयटीआयचा फिटर किंवा शीट मेटलचा ट्रेड करून हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये अप्रेंटिसशिपला अर्ज करण्यात काहीच कमीपणा नाही. जुन्या विमानांत रिव्हेट मारणारा हात सोन्याच्या मोलाचा असतो. हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या तुकडीत, टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा ही विमानं आहेत. त्यांतलं टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त झालं. डकोटाही तिथेच सज्ज होऊन २०१८ मध्ये आलं, २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक अंगावर घेऊन. पुढच्या वेळी असं काम इथल्या हातांनी व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी वाट रसायनाची. केमिस्ट्रीत बीएस्सी, मग संवर्धनाचं शिक्षण. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) आणि संवर्धनाची पदव्युत्तर पदविका आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा जुना विभाग आहे. तिथे ती बहुधा ब्राँझच्या मूर्ती आणि जुन्या तलवारींवर शिकेल. चालेल, गंज सगळीकडे गंजच असतो. संग्रहालयांतल्या नोकऱ्याही या वाटेवर जास्त. तुमच्या पत्रावरून माझा कल या दुसऱ्या वाटेकडे झुकतो, पण ठरवण्याची घाई नको.

परीक्षा संपली की तिला गोव्याला, वास्कोजवळच्या नौदलाच्या संग्रहालयात घेऊन जा. समुद्र जवळ आणि बरीच विमानं उघड्यावर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याचं काम डोळ्यांनी दिसतं. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आहेत, एकेकाळी एअर इंडियात उडालेलं सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. तिनं एकच विमान निवडावं आणि वही घेऊन दोन तास त्याच्याभोवती फिरावं. पाणी कुठे साठतं, पांढरी भुकटी कुठे आहे, टायरवर भार आहे की खाली टेकू दिलाय, मूळ अक्षरं कुठे दिसतात, याचं चित्र काढावं. हात लावू नये. तिथे नाही आणि पुढे कुठल्या भंगाराच्या यार्डातही नाही. जुन्या विमानांत वैमानिकासमोरच्या काही मापकांच्या तबकड्या अंधारात दिसाव्यात म्हणून रेडियमच्या रंगानं रंगवलेल्या असत. आपण गाडीवर चिकटवतो त्या स्टिकरला रेडियम म्हणतो, ते नव्हे. हे खरं, किरणोत्सारी रेडियम, आणि ते अजून तितकंच जागं आहे. इजेक्शन सीटमध्ये, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीत, स्फोटक नळ्या असतात, त्या काढल्याची खात्री तज्ज्ञानं दिल्याशिवाय त्यावर कोणी बसायचं नसतं.

काकांनाही बरोबर न्या. गाडी ते चालवतील, आणि दोघांचा अबोलाही वाटेत सुटेल.

आल्यावर त्या वहीची पानं मला पाठवा. तिनं काय पाहिलं आणि काय नजरेतून सुटलं, ते वाचून मग आपण तिच्याशीच बोलू.

तुमचा,
करिअर समुपदेशक