आधी थांबायला शीक

प्रिय,

तुझा मेसेज वाचला, चारही व्हिडिओ पाहिले. बास्केटबॉलचा पहिला करार संपवून नेरूळला घरी आलायस, पुढच्या सीझनआधी दोन महिने हातात आहेत, आणि विचारतोयस की उडी वाढवू की थ्री, म्हणजे लांबून मारायचा तीन गुणांचा शॉट, सुधारू. कोचने तुला बाकावर बसवलं याचा राग अजून गेलेला नाही, तेही दिसलं. माझं उत्तर या दोन्हींत नाही. तुला थांबता येत नाही. आधी थांबायला शीक.

दुसरा व्हिडिओ परत लाव. स्क्रीनला, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्या माणसाला, खांदा घासून सुटलास, अगदी हवं तसं. तुझा डिफेंडर अडकला, एक पाऊल मागे राहिला. त्यांचा बिग, रिंगजवळ राहणारा उंच खेळाडू, फ्री थ्रो लाइनच्या आत मागे सरकून उभा. इथे दोन ड्रिबल आणि थांब. मागून येणारा तुझ्या पाठीवर अडकतो, त्याला पाठीवरच ठेवायचं, पुढे येऊ द्यायचं नाही. मग तू आणि रिंगकडे सुटलेला तुझा माणूस, दोघांना सांभाळायला बिग एकटाच उरतो. तो तुझ्यावर आला की पास, मागे सरकला की तीन-साडेतीन मीटरवरून शॉट. तू काय केलंस? त्याच वेगात बिगच्या छातीवर गेलास, एका पायावर हवेत उडालास आणि कोपऱ्यात पास टाकलास, जिथे तुझा साथीदार अजून पोचलाच नव्हता. शॉट घ्यायला घड्याळात अजून 17 सेकंद बाकी होते. कसली घाई होती रे?

वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट ताकद खर्च होते, हे शाळेतलंच गणित आहे. उडी आणि वेग वाढवशील आणि ब्रेक तोच ठेवशील, तर गुडघा जाईल.

आता नीट वाच. थांबणं शेवटच्या पावलात होत नाही, त्याच्या आधीच्या पावलात होतं. त्या पावलाला टाच आधी टेकते, कंबर खाली येते, आणि शेवटचं पाऊल फक्त शरीर धरून ठेवतं. तू आधीचं पाऊल ताठ टाकतोस, सगळा भार शेवटच्या गुडघ्यावर येतो, धड पुढे झुकतं आणि मागचा पाय घसरतो. शिट्टी त्याच घसरलेल्या पायाची वाजते. रेफरीवर चिडू नकोस.

बॉल हवेत पकडून दोन्ही पाय एकदम टेकवलेस तर कुठल्याही पायावर पिव्हट करता येतो, म्हणजे तो पाय रोवून दुसऱ्याने फिरता येतं. एक-दोन असे टेकवलेस तर फक्त पहिल्या पायावर. गर्दीत दोन्ही पाय, मोकळ्या जागेत शॉटसाठी एक-दोन. दोन्ही यायला हवेत, डावीकडूनही.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. बेसलाइनवरून निघून फ्री थ्रो लाइनवर थांब, म्हणजे 5.8 मीटर. दोन सेकंद पुतळ्यासारखा उभा राहा. सहा वेळा. मग तसंच हाफ लाइनपर्यंत, 14 मीटर, चार वेळा. पहिला आठवडा बॉलशिवाय आणि निम्म्या वेगाने. घोटा डगमगला, गुडघा आत वळला, पाय रेषेपुढे गेला, की ती खेप मोजायची नाही. जिममध्ये स्क्वॉट आणि स्प्लिट स्क्वॉट खाली जाताना चार सेकंद, प्रत्येकी सहाचे तीन सेट. शिवाय 30 सेंटिमीटरच्या खोक्यावरून खाली उतरून आवाज न करता टेकणं, पाच-पाच वेळा तीनदा. आवाज आला म्हणजे मांडीने काम केलेलं नाही.

सोसायटीच्या सिमेंट कोर्टवर दिवसाला 30 पेक्षा जास्त थांबे नकोत, नडगी धरते. धूळ असेल तर आधी झाडून घे. पाऊस पडून गेला की दोन दिवस तिथे पाऊलही टाकू नकोस, शेवाळं दिसत नाही पण असतं. आणि पाम बीच रोडवर रोज आठ किलोमीटर पळणं बंद कर. त्याने दम वाढेल, ब्रेक लागायला शिकणार नाहीस. तुझ्या खेळात कोर्टची लांबीच 28 मीटर आहे.

स्लोव्हेनियाचा गार्ड लुका डॉन्चिच बघ. 2018 साली रिआल माद्रिदकडून युरोलीग ही युरोपातली क्लब स्पर्धा जिंकून एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला तेव्हा 19 वर्षांचा होता. त्याच्याहून वेगवान गार्ड जवळपास प्रत्येक संघात सापडतील. तो थांबतो, समोरचा थांबू शकत नाही, आणि तेवढ्यात त्याला जागा मिळते. हायलाइट्स बघू नकोस, पूर्ण मॅच बघ आणि फक्त त्याचे पाय बघ.

मला ठाऊक आहे, ठाण्यातली पोरं म्हणतात सर जुन्या वळणाचे, सगळं जग लांबून थ्री मारतंय आणि हे पावलं मोजतायत. म्हणू देत. चालत्या ड्रिबलवरून मारलेला थ्रीसुद्धा थांबलेल्या पायांवरूनच जातो. पाय सरकत असतील तर 6.75 मीटरवरून बॉल कधी डावीकडे जाईल, कधी आखूड पडेल, आणि तू महिनाभर मनगट दुरुस्त करत बसशील. ‘पळ, अजून पळ’ असं पोरांना सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यांच्या गुडघ्यांची खंत मला आहे. म्हणून तुझ्या बाबतीत हट्ट सोडणार नाही. तुझ्याकडे नजर आहे, पास आहे, धीटपणा आहे. थांबलास की हे सगळं दिसायला लागेल, तोपर्यंत कोचला फक्त टर्नओव्हर, म्हणजे तू गमावलेले बॉल, दिसणार.

पुढच्या रविवारी व्हिडिओ पाठव. फोन फ्री थ्रो लाइनच्या टोकाला, बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर ठेव. दहा थांबे, पाच उजवीकडून, पाच डावीकडून. शॉट दाखवू नकोस.

तुझा,
सर